डिस्चार्ज बुकात न उतरलेली पदके

माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. पत्रलेखकाचे नाव, सैनिक क्रमांक आणि पलटण आम्ही छापत नाही. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली तीन पत्रे घेतली आहेत. तिन्ही पत्रांचा विषय पदके आणि डिस्चार्ज बुकातील, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतील, त्यांच्या नोंदी हाच आहे.

प्रश्न : मी माण तालुक्यातील एका गावचा राहणारा असून १९६८ साली पायदळात भरती झालो आणि १९८४ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. डिसेंबर १९७१ मध्ये आमची पलटण पूर्व आघाडीवर होती. सीमा ओलांडून आत गेल्यावर काही दिवसांतच तोफगोळ्याचे छर्रे माझ्या डाव्या पोटरीत घुसले. मला आधी फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीजवळच्या सैनिकी दवाखान्यात, आणि तेथून सैनिकी रुग्णालयात हलवण्यात आले. बरा झाल्यावर मला जुन्या पलटणीत परत न पाठवता काही काळ रेजिमेंटल सेंटरला ठेवले आणि पुढे दुसऱ्या पलटणीत माझी बदली झाली. माझ्या डिस्चार्ज बुकात सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल एवढ्याच नोंदी आहेत. ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीचे पदक, संग्राम मेडल आणि जखमेचे मेडल यांचा त्यात उल्लेखच नाही. आता आमची ग्रामपंचायत युद्धात भाग घेतलेल्या जवानांच्या नावांचा फलक लावत असून ग्रामसेवकांनी माझ्याकडे कागदोपत्री पुरावा मागितला आहे. एका जुन्या सोबत्याचे असेही म्हणणे आहे की कंपनी कमांडरांनी त्या वेळी माझे नाव शौर्यपदकासाठी वर पाठवले होते. पन्नास वर्षे उलटून गेल्यावर रेकॉर्डमध्ये दुरुस्ती होऊ शकते का? झाली तर पेन्शन वाढेल का? आणि या वयात पदके मागत बसणे बरे दिसेल का?

उत्तर : हवालदारसाहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न मनात असल्यामुळेच अनेक जण अर्ज करण्याचे टाळतात. तुम्ही बक्षीस मागत नसून जे घडले त्याची सरकारी कागदावर खरी नोंद व्हावी एवढेच म्हणत आहात. युद्धक्षेत्रात हजर असल्याचे पदक हे त्या जवानाचे असते. ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे ही पलटणीची आणि रेकॉर्ड ऑफिसची जबाबदारी होती. ती राहून गेली असेल तर तिची आठवण करून देण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धापासून ज्या जिल्ह्याने घराघरातून माणसे पाठवली, त्या जिल्ह्यातील किती डिस्चार्ज बुके अशी अपुरी असतील याचा विचार मला अस्वस्थ करतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या जातीची पदके एकत्र आली आहेत आणि त्यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही सेवापदके आहेत. जवान ठरावीक काळात ठरावीक क्षेत्रात हजर होता एवढे सिद्ध झाले की ती देय होतात. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही आणि कोणाच्या मर्जीचाही प्रश्न येत नाही. १९७१ च्या युद्धातील पूर्व आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार आणि त्या काळात युद्धाशी संबंधित राज्यांत सेवा केलेल्यांसाठी संग्राम मेडल अशी सर्वसाधारण विभागणी आहे. जखमेचे मेडल, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, तेही पात्रतेवरच मिळते. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झाली होती एवढे त्यासाठी कागदावरून दिसावे लागते. शौर्यपदक हा मात्र सर्वस्वी निराळा विषय असून त्याबद्दल पुढे लिहिले आहे. तुमची ताकद आधी पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि जखमेचे मेडल या तीन नोंदींवर लावावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

तुमची नोंद कशी सुटली असेल याचा अंदाज तुमच्या पत्रातूनच येतो. माझ्या नोकरीचा मोठा काळ रेकॉर्डच्या कामात गेला असून जखमी जवानांच्या बाबतीत असे घडलेले मी पाहिले आहे. जवानाच्या नोकरीतील बढती, बदली, लग्न, मुलांचे जन्म, रुग्णालयातील भरती, पदके अशी प्रत्येक घटना पलटण आपल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध करते. तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद होते. पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर शीट रोल कोरा राहतो आणि निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून तयार होणारे डिस्चार्ज बुकही तेवढ्यापुरते कोरेच राहते. १९७१ ची पदके जाहीर होऊन त्यांचे दावे तयार झाले ते युद्ध संपल्यानंतर. तोपर्यंत तुम्ही रुग्णालयातून सेंटरला आणि सेंटरहून दुसऱ्या पलटणीत गेला होता. जुन्या पलटणीने दाव्यांची यादी केली तेव्हा तुमचे नाव तिच्या हजेरीवर नव्हते, आणि नव्या पलटणीला तुम्ही कोठे लढलात याची माहिती असण्याचे कारण नव्हते. दोन पलटणींच्या मध्ये तुमचा दावा राहून गेला असावा, असे मला वाटते. यात कोणाचा दुष्टावा असेलच असे नाही. म्हणून अर्जाची भाषा तक्रारीची नसावी, दुरुस्तीच्या विनंतीची असावी.

पुराव्याची सुरुवात घरातूनच करा. डिस्चार्ज बुकाचे प्रत्येक पान नीट वाचा. पदकांच्या रकान्यात काही नसले, तरी बदल्यांच्या, रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय श्रेणीच्या पानावर जानेवारी किंवा फेब्रुवारी १९७२ च्या सुमारास एखादी ओळ सापडू शकते. वैद्यकीय श्रेणी काही महिन्यांसाठी खाली आणून पुन्हा वर नेल्याची नोंद असेल, तर ती तुमच्या बाजूने मोठा पुरावा ठरते. त्यानंतर जुनी पत्रे पाहा. त्या काळी घरी आलेल्या आंतर्देशीय पत्रांवर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असतो आणि तुमच्या पत्त्यात ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) की ९९ एपीओ हेही लिहिलेले असते. ९९ एपीओ हा पूर्वेकडील तुकड्यांचा पत्ता. एवढ्यावर कोणी पदक देणार नाही. परंतु तारखेचा शिक्का स्पष्ट असलेले एक पत्र तुम्ही त्या महिन्यात कोणत्या दिशेला होता हे सांगते आणि इतर कागदांना बळ देते.

पोटरीतील छर्रे शस्त्रक्रियेने पूर्ण निघाले होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. बारीक तुकडे मांसात खोल बसले असतील, तर शल्यचिकित्सक ते पुष्कळदा तसेच राहू देतात. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमधून किंवा सिव्हिल हॉस्पिटलमधून पोटरीचा एक्स-रे काढून घ्या. मांसात धातूचा तुकडा असल्यास तो फिल्मवर पांढरा, ठळक दिसतो आणि क्ष-किरण तज्ज्ञ आपल्या अहवालात त्याची जागा व आकार लिहून देतो. तो तुकडा केव्हा आणि कोठे लागला हे एक्स-रे सांगत नाही, हे खरे. परंतु रुग्णालयातील भरतीची नोंद, सोबत्याचे प्रतिज्ञापत्र आणि हा अहवाल अशा तीन गोष्टी एकमेकींना जुळल्या, तर तुमचे म्हणणे नाकारणे कोणालाही अवघड जाईल.

प्रतिज्ञापत्राबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रतिज्ञापत्रे मोघम असल्यामुळे वाया जातात. ‘अमुक जवान युद्धात होता व जखमी झाला हे मला माहीत आहे’ एवढे लिहून भागत नाही. साक्ष देणाऱ्याने स्वतःचा सैनिक क्रमांक, हुद्दा, कंपनी आणि प्लाटून लिहावी. त्या दिवशी तो स्वतः कोठे होता, त्याने प्रत्यक्ष काय पाहिले, तुम्हाला कोणी उचलून मागे नेले हे त्यात यावे. त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टारची नोंद असेल, तर त्या पानाची साक्षांकित प्रत जोडावी. त्याच पलटणीतील, त्याच कंपनीतील जवानाला जे पदक मिळाले ते तुम्हाला का मिळाले नाही, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. त्या वेळचे कंपनी कमांडर किंवा प्लाटून कमांडर हयात असतील, तर त्यांचे सहीचे पत्र सर्वांत वजनदार ठरेल. पलटणीचे माजी सैनिक वर्धापनदिनाला एकत्र येतात आणि त्यांचे आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहेत. तेथून पत्ता लागतो. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरी ओलांडून पुढे गेला आहे. म्हणून बाकी कागद जमेपर्यंत थांबू नका, सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आधी करून घ्या.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडेच करावा लागतो. जवान आणि ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी (जेसीओ) यांची कागदपत्रे त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. आपल्या भागातील माणसे ज्यांत जास्त आहेत त्यांपैकी मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला आहे. तुम्ही दोन पलटणींत होता. दोन्ही एकाच रेजिमेंटच्या असतील, तर एकच अर्ज पुरेल. बदली दुसऱ्या रेजिमेंटमध्ये झाली असेल, तर ज्या रेजिमेंटमधून पेन्शनवर आलात तिच्या रेकॉर्ड ऑफिसला मुख्य अर्ज आणि पहिल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला त्याची प्रत पाठवा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कल्याण संघटकांना सर्व कागद दाखवा आणि अर्ज त्या कार्यालयाच्या पत्रासोबत पाठवण्याची विनंती करा. तुमच्याकडील प्रत आणि जावक क्रमांक जपून ठेवा. रेकॉर्ड ऑफिसात मराठी वाचणारा कारकून असेलच असे नाही, म्हणून अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत टाइप करून घेणे सोयीचे आहे. कार्यालयात त्यासाठी मदत मिळते. या कामासाठी पैसे मागणाऱ्या कोणाही मध्यस्थाची गरज नाही.

अर्जाचा मजकूर लांबलचक नको. त्याचा गाभा असा असावा : ‘मी दिनांक अमुक ते अमुक या काळात अमुक पलटणीच्या अमुक कंपनीत होतो. डिसेंबर १९७१ मध्ये अमुक ठिकाणाजवळ शत्रूच्या तोफगोळ्याने माझ्या डाव्या पोटरीस जखम झाली आणि मला अमुक फील्ड अँब्युलन्समधून अमुक सैनिकी रुग्णालयात दाखल करण्यात आले. माझ्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि जखमेचे मेडल यांची नोंद नाही. माझा शीट रोल, लाँग रोल, पार्ट टू ऑर्डर व वैद्यकीय कागदपत्रे तपासून माझी पात्रता ठरवावी. मी पात्र असल्यास पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करून तशी नोंद करावी व पदके द्यावीत. पात्र नसल्यास कारणासह लेखी कळवावे.’ लाँग रोल म्हणजे भरती झालेल्या सर्व जवानांची कायम नोंदवही. अर्जाचे शेवटचे वाक्य विसरू नका. कारणासह आलेला नकार हाही उपयोगाचा कागद असतो, कारण पुढची पायरी त्यावरच उभी राहते. तारीख किंवा ठिकाण नक्की आठवत नसेल, तर ‘सुमारास’ असे लिहा. अंदाजाने एखादी तारीख ठोकून देऊ नका, कारण ती पलटणीच्या युद्धकाळातील रोजनिशीशी (वॉर डायरीशी) जुळली नाही, तर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही संशय येतो. मूळ डिस्चार्ज बुक टपालाने पाठवू नका, साक्षांकित प्रती पाठवा. आणि कोणी कितीही सांगितले तरी डिस्चार्ज बुकात हाताने काहीही लिहू अथवा लिहवून घेऊ नका.

तुमची कागदपत्रे नष्ट झाली असतील अशी भीती तुम्हाला कोणी घालेल. पेन्शनशिवाय घरी आलेल्या जवानांची सेवाविषयक कागदपत्रे साधारण पंचवीस वर्षांनंतर नियमानुसार नष्ट केली जातात. त्यांच्या बाबतीत केवळ लाँग रोलमधील त्रोटक नोंद उरते. तुम्ही पेन्शनर आहात, त्यामुळे तुमची कागदपत्रे अधिक काळ ठेवलेली असतात. तुमचा शीट रोल आजही मिळण्याची आशा चांगली आहे.

अर्जाबरोबरच माहितीच्या अधिकाराचा वापर करा. २००५ च्या कायद्यानुसार रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह अर्ज करून स्वतःच्या शीट रोलची, डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७३ या काळातील स्वतःविषयीच्या पार्ट टू ऑर्डरची, वैद्यकीय कागदपत्रांची आणि बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे युद्धात जखमी झालेला जवान, म्हणून झालेल्या नोंदीची प्रमाणित प्रत मागा. केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून नातवाकडून ऑनलाइन अर्जही करता येतो. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते. माहितीच्या अधिकारात ‘मला पदक का दिले नाही’ असे विचारू नका. त्याला उत्तर देण्याचे बंधन नसते. कागदाची प्रत मागितली, तर कागद द्यावा लागतो किंवा तो नसल्याचे लिहून द्यावे लागते.

पलटणीच्या वॉर डायरीचा आधार मिळाला तर उत्तमच. युद्धकाळात प्रत्येक पलटण रोजची हालचाल, लढाई आणि हानी वॉर डायरीत लिहिते. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागदपत्रे सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांत खुली व्हावीत आणि त्याहून जुनी कागदपत्रे तज्ज्ञांच्या तपासणीनंतर राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावीत असे ठरले आहे. सामान्य जवानाचे नाव डायरीत असेलच असे नाही. परंतु तुमची कंपनी त्या दिवशी कोठे होती आणि किती जवान जखमी झाले हे त्यातून कळते. मराठा पलटणींच्या १९७१ च्या कामगिरीविषयी, विशेषतः पहिल्या बटालियनच्या जमालपूरच्या लढाईविषयी, प्रसिद्ध साहित्यही उपलब्ध आहे. तुमची पलटण कोणत्या भागात होती हे दाखवण्यासाठी अशा पुस्तकातील पानाची प्रत जोडायला हरकत नाही, मात्र तो पूरक पुरावा समजावा.

आता शौर्यपदकाविषयी. येथे मला तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगावी लागेल. वीरचक्र, सेना मेडल यांसारखी पदके मागून मिळत नाहीत. कमांडर शिफारस लिहितो, ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशी वर जाते, प्रत्येक पायरीवर तिची छाननी होते आणि बऱ्याच शिफारसी वाटेतच थांबतात. शिफारस झाली होती एवढ्याने कोणताही हक्क निर्माण होत नाही आणि न्यायालयेही या निर्णयात सहसा हात घालत नाहीत. मात्र एक शक्यता तपासून पाहण्यासारखी आहे. शौर्यपदके भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतात. ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ (युद्ध-अहवालातील गौरवपूर्ण उल्लेख) हा सन्मानही असाच जाहीर होतो आणि तो मिळालेला जवान सेवापदकाच्या फितीवर कमळाच्या पानाचे चिन्ह लावतो. तुमचे नाव त्या काळच्या राजपत्रात आले असेल आणि बदलीमुळे ते तुम्हाला कळलेच नसेल, तर तो पुन्हा नोंदीतील दुरुस्तीचाच विषय होतो. म्हणून माहितीच्या अधिकाराच्या अर्जात ‘माझ्या नावे कोणताही शौर्य सन्मान जाहीर झाल्याची नोंद असल्यास तिची प्रत द्यावी’ असे एक वाक्य घाला. उत्तर नकारार्थी आले, तर तो विषय तेथेच सोडून द्या. सोबत्याने सांगितलेली गोष्ट खोटी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तुमच्या अधिकाऱ्याने तुमचे नाव लिहिले होते, एवढे मनात राहू द्या. मात्र त्या मागणीमुळे तुमच्या तीन खऱ्या, सिद्ध होऊ शकणाऱ्या नोंदी अडकून पडू नयेत.

पेन्शनचे म्हणाल, तर सेवापदकांना दरमहा पैसे जोडलेले नाहीत. मासिक भत्ता असतो तो शौर्यपदकांना. ऑगस्ट २०१७ पासून शौर्यासाठीच्या सेना मेडलला दरमहा दोन हजार आणि वीरचक्राला सात हजार रुपये मिळतात. जखमेच्या मेडलमुळेही पेन्शन आपोआप वाढत नाही. युद्धजखमेची पेन्शन हा स्वतंत्र विषय असून निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने जखमेमुळे अपंगत्व राहिल्याचे नोंदवले होते का यावर ती बरीचशी अवलंबून असते. तुम्ही संपूर्ण निरोगी श्रेणीत घरी आला असाल, तर त्या दिशेने फारशी आशा धरू नये. परंतु मंडळाने टक्केवारी लिहूनही जखम युद्धातली नसल्याचे धरून तुम्हाला पेन्शन नाकारली गेली असेल, तर बॅटल कॅज्युअल्टीची नोंद सापडणे फार महत्त्वाचे ठरेल. अशा प्रकरणात उशिराने दावा केला तरी तो फेटाळला जाईलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात एका जवानाच्या अपंगत्व पेन्शनविषयीच निर्णय देताना थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. त्यामुळे वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत माहितीच्या अधिकारात अवश्य मागून घ्या आणि ती आल्यावर आम्हाला पुन्हा लिहा.

रेकॉर्ड ऑफिसने मुदतीत काहीच कळवले नाही, तर एक स्मरणपत्र पाठवा आणि केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर नोंद करा. तरीही दाद लागली नाही, किंवा कागद तुमच्या बाजूने असताना नकार आला, तर सशस्त्र सेना लवादाचा मार्ग खुला आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या लवादाचे मुंबईत खंडपीठ आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत तेथे अर्ज करावा लागतो. निवेदनाला सहा महिने उत्तरच आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत अर्ज करता येतो. पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार लवादाला आहे. युद्धाच्या नोंदी पवित्र आणि अचल असतात असेही समजू नका. कारगिल युद्धात ब्रिगेडचे नेतृत्व केलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात याच लवादाने २०१० मध्ये त्यांच्या कामगिरीविषयीच्या नोंदी दुरुस्त करण्याचा आदेश दिला होता. तुमचे प्रकरण तेथपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. पण जावे लागलेच, तर वकिलाच्या खर्चाची चिंता करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

ग्रामपंचायतीच्या फलकासाठी मात्र या सगळ्याची वाट पाहण्याची गरज नाही. तुमच्या डिस्चार्ज बुकातील पलटणीची नोंद आणि त्याच पलटणीतील सोबत्याचे प्रतिज्ञापत्र ग्रामसेवकांना द्या आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला या संदर्भात पत्र देण्याची विनंती करा. फलक हा गावाचा आहे, त्याला लष्कराच्या पार्ट टू ऑर्डरची अट घालणे योग्य होणार नाही.

प्रश्न : माझे पती १९८८ च्या सुमारास शांतिसेनेत श्रीलंकेला होते. त्यांचे निधन होऊन बरीच वर्षे झाली. श्रीलंकेचे मेडल मिळायचे आहे असे ते नेहमी म्हणत, पण ते घरी आले नाही. मी जत तालुक्यात राहते. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) माझे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे आहे. मी अर्ज करू शकते का?

उत्तर : ताई, अवश्य करू शकता. दिवंगत सैनिकाचे न मिळालेले पदक त्याच्या वारसाला मागता येते आणि पत्नीचा हक्क त्यात पहिला असतो. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत सेवा केलेल्यांसाठी स्पेशल सर्व्हिस मेडल असून त्याच्या फितीवर ‘श्रीलंका’ अशी पट्टी असते. पदकाची पार्ट टू ऑर्डर निघालेली असेल आणि केवळ पदक हातात आले नसेल, तर काम सोपे आहे. पदके सरकारी टाकसाळीत तयार होतात आणि पुरवठ्याला वर्षानुवर्षे उशीर झाल्यामुळे पुष्कळ जवानांनी छावणीतल्या बाजारातून पदके विकत घेऊन छातीवर लावली, हे सर्वांना माहीत आहे. तुमच्या पतींच्या डिस्चार्ज बुकातील पदकांचे पान आधी पाहा. तेथे नोंद असेल, तर केवळ पदक मिळण्याचा अर्ज करा. नोंद नसेल, तर वरच्या उत्तरात सांगितलेला मार्ग घ्या.

परंतु त्याआधी नावाचा प्रश्न सोडवा, कारण अर्ज तेथेच अडेल. आपल्याकडे माहेरचे नाव, लग्नानंतरचे नाव आणि भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले नाव अशी तीन-तीन नावे एकाच बाईला चिकटलेली असतात. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून नावदुरुस्तीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी घ्या. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यात लागेलच. दुरुस्ती पीपीओमध्ये आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत दोन्हीकडे करून घ्या. ते पदकापेक्षाही निकडीचे आहे, कारण तुमची कुटुंब पेन्शन त्याच नावावर चालते.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचे पलूस तालुक्यातील घर पाण्याखाली गेले. वडिलांची पदके वाहून गेली आणि डिस्चार्ज बुकाची पाने एकमेकांना चिकटून वाचता येत नाहीत. वडील ऐंशी वर्षांचे आहेत. नवी पदके मिळतील का?

उत्तर : तुमचे प्रकरण दुरुस्तीचे नाही, कारण नोंद रेकॉर्ड ऑफिसात शाबूत असणार. तुम्हाला पदकांच्या आणि डिस्चार्ज बुकाच्या दुसऱ्या प्रती हव्या आहेत. त्यासाठी पदके हरवल्याचा पोलिसांकडील दाखला, वडिलांचे प्रतिज्ञापत्र आणि पुराच्या वेळी तलाठ्याने केलेल्या पंचनाम्याची प्रत जोडून वडिलांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. दुसऱ्या प्रतीचे शुल्क भरावे लागते आणि ते किती हे रेकॉर्ड ऑफिस कळवेल. चिकटलेली पाने ओढून सोडवू नका आणि पुस्तक फेकूनही देऊ नका. वरच्या पानावर सैनिक क्रमांक दिसत असेल, तर त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो काढून अर्जासोबत द्या. क्रमांक वाचता येत नसेल, तर तो पीपीओवर आणि पेन्शनच्या बँक कागदांवर मिळेल. एखादे पदक घरात किंवा गाळात सापडले असेल, तर त्याची कड मऊ कापडाने पुसून भिंगाखाली पाहा. सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तेथे बारीक अक्षरांत कोरलेली असते. अशा पदकाची दुसरी प्रत मागण्याची गरज नाही. घरी कोरलेले पदक असताना त्याचीच दुसरी प्रत मागितल्यास प्रतिज्ञापत्र खोटे ठरेल, म्हणून अर्जात फक्त हरवलेल्या पदकांचीच नावे लिहा.